काचेच्या धाग्याचे जनकत्व

२००९ सालच्या ऑक्टोबरात भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा आपल्याकडे अभिनंदनापेक्षा हळहळीचाच सूर अधिक ऐकू आला. पारितोषिकाचा अर्धा वाटा चार्ल्स काओ यांना मिळाला होता आणि तो काचेच्या तंतूंतून संदेशवहनासाठी प्रकाश नेण्याच्या कामगिरीबद्दल होता. मग नरिंदरसिंग कपानी यांचे काय, असा प्रश्न त्या दिवसांत पुष्कळांनी विचारला. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले, डेहराडून आणि आग्रा येथे शिकलेले आणि पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात संशोधन केलेले कपानी हे 'फायबर ऑप्टिक्सचे जनक' म्हणून ओळखले जातात. मुलाचा गौरव झाला आणि जनकाला दाराबाहेर उभे केले, अशी ती तक्रार होती. आमचीही तेव्हा तीच तक्रार होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

पुढे या विषयाचा इतिहास वाचत गेलो, तसे आमच्या ध्यानात आले की तक्रारीत तथ्य नाही असे नव्हे. परंतु ती ज्या शब्दावर उभी आहे तो शब्द भार पेलणारा नाही. 'जनक' हा तो शब्द. साहित्याच्या वर्गात या शब्दाकडे आपण सावधपणे पाहतो. 'केशवसुत हे आधुनिक मराठी कवितेचे जनक' हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो आणि लगेच त्याची उलटतपासणी घेऊ लागतो. आधुनिक म्हणजे काय, त्यांच्या आधी कोण होते, इंग्रजी कवितेचे ऋण किती, हे सारे प्रश्न त्या एका वाक्यामागोमाग येतात. विज्ञानाच्या इतिहासाच्या बाबतीत मात्र आपण ही सवय बाजूला ठेवतो. तेथे जनकांची यादी सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून जशीच्या तशी उतरवून घेतो. जी चिकित्सा आपण कवितेच्या इतिहासाला लावतो, तीच काचेच्या या धाग्याच्या इतिहासाला लावून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

आधी प्रकाश तंतूतून जातो कसा, हे पाहिले पाहिजे. कारण श्रेयाचा पुढील सारा वाद त्याच्या तपशिलातूनच उभा राहतो.

पाण्यातून किंवा काचेतून हवेत येणारा किरण दोन माध्यमांच्या सीमेवर वळतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. सीमेवर तो जितका तिरका येईल तितका अधिक वळतो. तिरकेपणाची एक मर्यादा ओलांडली, की त्याला बाहेर पडताच येत नाही. तो संपूर्णपणे आत परततो. याला 'पूर्ण आंतरिक परावर्तन' म्हणतात. योहानेस केप्लर याने १६११ सालच्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात त्याची नोंद केली होती. आरशावरील परावर्तनाहून हे वेगळे आहे. उत्तम आरसाही दर वेळी थोडा प्रकाश गिळतो. पूर्ण आंतरिक परावर्तनात, सीमा स्वच्छ असेल तर, असे नुकसान होत नाही. म्हणूनच ते पुन्हा पुन्हा घडूनही प्रकाश टिकून राहतो.

आजच्या तंतूत दोन काचा असतात. मध्ये गाभा आणि त्याभोवती आवरण. दोन्ही एकजीव दिसतात, पण गाभ्याचा अपवर्तनांक आवरणापेक्षा किंचित अधिक असतो. हा फरक बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो आणि तेवढा पुरतो. लांब पल्ल्याच्या संदेशवहनासाठी वापरला जाणारा तंतू आवरणासह १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या एक अष्टमांश जाडीचा असतो आणि त्याचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा. एका टोकाला लेझर असतो. बोलणे, चित्र, अक्षर जे काही पाठवायचे त्याचे आधी आकड्यांत रूपांतर होते आणि त्या आकड्यांनुसार लेझरच्या प्रकाशात बदल केले जातात. सर्वांत साधी पद्धत म्हणजे स्पंद असणे किंवा नसणे. दुसऱ्या टोकाला प्रकाशाचे पुन्हा विद्युतसंकेत होतात. मधला प्रवास सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने, म्हणजे निर्वातातील प्रकाशवेगाच्या दोन तृतीयांश गतीने होतो.

पाठ्यपुस्तकात या प्रवासाची एक आकृती असते. तीत किरण एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत नागमोडी पुढे जाताना दिसतो. जाड गाभ्याच्या तंतूसाठी हे चित्र चालण्यासारखे आहे. जाड गाभ्यात काही प्रकाश सरळ जातो आणि काही आपटत लांबच्या वाटेने येतो. त्यामुळे एकाच क्षणी निघालेला स्पंद पोचताना पसरट होतो आणि पुढच्या स्पंदात मिसळू पाहतो. हे टाळण्यासाठी गाभा अतिशय बारीक करतात. मग मात्र ती आकृती लागू पडत नाही. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने गाभा इतका अरुंद असतो, की तेथे आपटणारा किरण नसतोच. सबंध गाभा व्यापून सरकणारी एक लहर असते आणि तिचा काही अंश चक्क आवरणातूनही चाललेला असतो. नागमोडी किरण हे एक रूपक आहे. वापरता वापरता ते रूपक आहे याचाच विसर पडतो, हे भाषेच्या अभ्यासकांना नवे नाही. येथे लक्षात ठेवायचे ते एवढेच, की प्रकाश वाहतो गाभ्यातून. पण त्याला गाभ्यात ठेवण्याचे काम सीमेचे आणि आवरणाचे असते.

३

या कथेचा आरंभ बहुतेक इंग्रजी पाठ्यपुस्तके जॉन टिंडल यांच्यापासून करतात. टिंडल हे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील नामवंत व्याख्याते. भांड्याच्या छिद्रातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेत प्रकाश सोडला, तर तो धारेबरोबर वळत खाली येतो, हा प्रयोग त्यांनी १८५४ साली श्रोत्यांना करून दाखवला. कित्येक पुस्तकांत त्याचे साल १८७० दिलेले आढळते. विज्ञानपत्रकार जेफ हेक्ट यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासग्रंथात हे सारे तपासून पाहिले. त्यातून जे पुढे आले ते असे, की टिंडल यांना हा प्रयोग मायकेल फॅरेडे यांनी सुचवला होता आणि प्रयोग मुळात जिनिव्हाचा होता.

तेथे १८४१ साली दान्येल कोलादों या प्राध्यापकांपुढे एक अगदी मास्तरकीची अडचण होती. वेगवेगळ्या छिद्रांतून निघणाऱ्या पाण्याच्या धारा कशा आकार घेतात, हे त्यांना व्याख्यानात दाखवायचे होते आणि मागे बसलेल्यांना त्या धारा दिसत नव्हत्या. त्यांनी खोलीत अंधार केला आणि टाकीच्या एका बाजूने भिंगातून प्रकाश आत घेऊन तो समोरच्या छिद्रावर एकवटला. छिद्रातून निघालेली धार आतून उजळली. प्रकाश धारेच्या वळणाबरोबर वळला आणि जेथे धार फुटली तेथे विखुरला. कोलादोंनी १८४२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात हे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास झाक बाबिने यांनीही कळवले, की हा परिणाम आपणही पाहिला आहे, काचेच्या वाकड्या कांडीतही तो साधतो आणि अशा कांडीने तोंडाच्या आतला भाग उजळता येईल.

पुढे हा खेळ रंगभूमीवर आणि प्रदर्शनांत गेला. पॅरिसच्या ऑपेराने उजळलेल्या धारांचा वापर केला. लंडनच्या १८८४ आणि पॅरिसच्या १८८९ सालच्या प्रदर्शनांतील प्रकाशकारंज्यांनी लोकांची गर्दी खेचली. कोलादोंनी १८८४ साली एका फ्रेंच नियतकालिकात आपल्या मूळ प्रयोगाची आठवण करून देणारा लेख लिहिला. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. तरीही इंग्रजी पुस्तकांत नाव राहिले ते टिंडल यांचेच. टिंडल यांनी श्रेय चोरले असे म्हणण्यास आधार नाही. त्यांनी प्रयोग लोकांपुढे केला, तो इंग्रजीत लिहिला आणि त्यांची व्याख्याने व पुस्तके सर्वत्र वाचली गेली, एवढेच घडले. जो वाचला जातो तो आरंभ ठरतो. वाङ्मयेतिहासात आपण हे पदोपदी पाहतो.

४

वाकलेल्या काचेतून प्रकाश नेता येतो हे कळल्यावर पुढचा प्रश्न आला, की चित्र नेता येईल का? म्युनिक येथील हाइनरिख लाम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पोटाच्या आत पाहायचे होते. त्याने काचेच्या बारीक तंतूंची जुडी बांधली. प्रत्येक तंतू चित्राचा एक ठिपका नेईल आणि दुसऱ्या टोकाला ठिपक्यांचे पुन्हा चित्र होईल, ही त्यामागील कल्पना. १९३० साली दिव्याच्या तारेचे अस्पष्ट का होईना पण ओळखू येण्यासारखे चित्र त्याने अशा जुडीतून पाठवले आणि त्याविषयीचा लेख जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केला. पेटंट घेण्याचा त्याचा प्रयत्न फसला, कारण क्लॅरेन्स हॅन्सेल यांचे तत्सदृश पेटंट आधीच झालेले होते. लाम ज्यू होता. नाझी सत्ता आल्यावर त्याला देश सोडून अमेरिकेस जावे लागले. तेथे तो शल्यचिकित्सक झाला. तंतूंचे काम मात्र पुढे गेले नाही.

यानंतरची तारीख २ जानेवारी १९५४. त्या दिवशीच्या 'नेचर' साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन छोटे लेख छापून आले. एक होता हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांचा, दुसरा हॉलंडमधील डेल्फ्टच्या आब्राहम व्हान हील यांचा.

हॉपकिन्स यांना एका डॉक्टरने घशातून घालायच्या ताठ नळीची तक्रार सांगितली होती. रुग्णाला तिचा त्रास फार होई. वाकणारी नळी करता येईल का, या विचारातून त्यांनी तंतूंच्या जुडीची योजना आखली आणि ते काम कपानी या आपल्या संशोधक विद्यार्थ्याकडे आले. हजारो तंतू एकमेकांत न गुंतता, दोन्ही टोकांना तंतोतंत त्याच क्रमाने बसवणे हे हाताचे, डोळ्याचे आणि अपार चिकाटीचे काम होते. कपानींनी ते केले आणि ७५ सेंटीमीटर लांबीच्या जुडीतून स्पष्ट चित्र पाठवले. लामच्या चित्राहून ते कितीतरी सरस होते.

परंतु त्या जुडीतील तंतू उघडे होते. उघड्या तंतूची सीमा म्हणजे काच आणि हवा. दोन तंतू एकमेकांना टेकले, की प्रकाश एकातून दुसऱ्यात गळतो. बोटाचा तेलकटपणा लागला तरी गळतो. त्याच अंकातील व्हान हील यांच्या लेखात या दुखण्यावरचा उपाय होता. पाणबुडीच्या पेरिस्कोपच्या निमित्ताने ते या विषयाकडे वळले होते. अमेरिकेतील प्रकाशविज्ञ ब्रायन ओब्रायन यांनी १९५१ साली त्यांना सुचवले होते, की तंतूला कमी अपवर्तनांकाच्या पारदर्शक पदार्थाचे आवरण द्यावे. व्हान हील यांनी तसे करून पाहिले. त्यांचा लेख अगदी छोटा होता आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी झाली. मात्र आज जमिनीखाली आणि समुद्रतळाशी पसरलेला प्रत्येक तंतू आवरणाचा आहे.

काचेवर काचेचेच आवरण चढवण्याचे श्रेय मिशिगन विद्यापीठातील लॅरी कर्टिस या पदवीपूर्व विद्यार्थ्याकडे जाते. डिसेंबर १९५६ मध्ये त्याने कमी अपवर्तनांकाच्या काचेच्या नळीत अधिक अपवर्तनांकाच्या काचेची कांडी घातली, दोन्ही वितळवून एकत्र केल्या आणि त्यांचा धागा ओढला. त्या धाग्यांच्या जुडीपासून बनवलेले उपकरण बॅसिल हर्शोविट्झ या डॉक्टरांनी १९५७ च्या फेब्रुवारीत आधी स्वतःच्या घशातून उतरवून पाहिले आणि मग रुग्णाच्या. तंतूंच्या एंडोस्कोपीची सुरुवात ही अशी झाली. 'जनक' कोण, असे या टप्प्यावर विचारले तर निदान अर्धा डझन नावे पुढे येतात. त्यांतले एक विद्यार्थ्याचे आहे आणि दुसरे परागंदा झालेल्या विद्यार्थ्याचे.

५

मग कपानींचे स्थान कोणते? डेहराडूनच्या शाळेत शिक्षकांनी प्रकाश सरळ रेषेतच जातो असे सांगितले आणि आपल्याला ते पटले नाही, अशी आठवण ते सांगत असत. तिच्यावरून त्यांचे चरित्र रंगवण्याचा मोह होतो. पण त्यांचे खरे कार्य त्या आठवणीहून मोठे आहे. हॉपकिन्स आणि कपानी यांच्यात पुढे श्रेयावरून मतभेद झाले आणि कपानी अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी तंतूंवर लेखामागून लेख लिहिले. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात १९६० साली आलेल्या त्यांच्या लेखाने या विद्याशाखेला 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ करून दिले. १९६७ साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विखुरलेल्या प्रयोगांना एक नाव मिळाले, एक परिभाषा मिळाली, नव्याने येणाऱ्याला हाती धरता येईल असे पुस्तक मिळाले.

साहित्याच्या अभ्यासकाला या कामाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. एखाद्या प्रवाहाला नाव मिळणे ही त्या प्रवाहाच्या आयुष्यातील घटना असते. त्यापूर्वीच्या रचना नंतर त्या नावाखाली वाचल्या जाऊ लागतात. कपानींनी या विद्येला जन्म दिला असे म्हणण्याऐवजी त्यांनी तिचे बारसे केले आणि तिला वाढवले, असे म्हटले तर त्यांच्या कार्याला कमीपणा येत नाही, उलट ते नेमके कळते. 'फॉर्च्यून' मासिकाने १९९९ साली विसाव्या शतकातील उपेक्षित नायकांत त्यांची गणना केली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२१ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

येथे भाषेचा मुद्दाही नोंदवून ठेवतो. कोलादोंनी फ्रेंचमध्ये लिहिले, लामने जर्मनमध्ये आणि स्मरणात राहिले टिंडल व कपानी, ज्यांनी इंग्रजीत आणि सर्वांसाठी लिहिले. श्रेयाचे वाटप गुणांवर होते तसे ते भाषेवरही होते. आपल्या माणसाची उपेक्षा झाली म्हणून हळहळताना, दुसऱ्या भाषांतील उपेक्षितांची नावे आपल्यालाही ठाऊक नव्हती, हे आम्हांला थोडे उशिराच जाणवले.

६

हे सारे काम चित्र पाहण्याचे होते. घशापासून पोटापर्यंतचे अंतर एक मीटरही नसते आणि तेवढ्या अंतरात काचेने प्रकाश थोडा गिळला तरी बिघडत नाही. पण मुंबईहून पुण्यास संदेश पाठवायचा तर? खिडकीच्या काचेच्या कडेकडून पाहिले असता ती हिरवट आणि अंधारी दिसते. तावदानातून आरपार पाहताना न जाणवणारा हा रंग मुख्यतः काचेतील लोहाच्या अंशाचा असतो.

१९६०च्या दशकातील उत्तम तंतूंतही प्रकाशाची घट दर किलोमीटरला सुमारे १००० डेसिबेल होती. डेसिबेलचा हिशेब असा: १० डेसिबेलची घट म्हणजे दहावा हिस्सा उरणे, २० म्हणजे शंभरावा, ३० म्हणजे हजारावा. या हिशेबाने अवघ्या २० मीटरांवर प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरे आणि १०० मीटरांवर एक हजार कोटींवा. त्यामुळे मोठ्या प्रयोगशाळांनी काचेचा नाद सोडून पोकळ धातुनळ्यांचा मार्ग धरला होता.

चार्ल्स काओ यांचा जन्म १९३३ साली शांघायचा. हाँगकाँगमार्गे ते इंग्लंडला शिकायला आले आणि हार्लो येथील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये काम करू लागले. त्यांनी आणि त्यांचे तरुण सहकारी जॉर्ज हॉकम यांनी जुलै १९६६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधात कोणतेही चमत्कारिक उपकरण नव्हते, नवी काचही नव्हती. होता तो एक प्रश्न: काच प्रकाश गिळते हे खरे, पण तो दोष काचेचा आहे की काचेत मिसळलेल्या मळाचा?

प्रश्न साधा वाटतो. पण बाकीचे लोक हातातल्या काचेची घट मोजून निराश होत होते, तेव्हा काओंनी त्या घटीचे पृथक्करण केले. काचेच्या स्वभावातूनच येणारे प्रकाशाचे विखुरणे किती, आणि लोहासारख्या अशुद्धीमुळे होणारे शोषण किती, हे त्यांनी वेगळे काढले. निष्कर्ष असा निघाला, की स्वभावजन्य घट अगदी अल्प आहे. लोहाचे प्रमाण दहा लाखांत एक भाग इतके खाली आणता आले, तर घट किलोमीटरला २० डेसिबेलवर येऊ शकेल आणि तेवढ्यावर तंतू दूरसंचाराला उपयोगी पडेल.

हे वाचताना आम्हांला पाठचिकित्सेची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पिढ्यानपिढ्यांच्या नकलांतून शिरलेले अपपाठ दूर सारले, की मूळ पाठ हाती लागेल, हा विश्वास त्या श्रमांमागे होता. जे समोर आहे त्यात मूळचे किती आणि मागाहून शिरलेले किती, हा संपादकाचा प्रश्न आहे. काओंनी काचेला तोच प्रश्न विचारला. फरक इतकाच, की शुद्ध प्रत तोवर कोणी पाहिलेलीच नव्हती; ती असू शकते एवढे त्यांनी गणिताने दाखवले.

त्यानंतर काओ स्वस्थ बसले नाहीत. वेगवेगळ्या देशांतील काचनिर्मात्यांकडे आणि प्रयोगशाळांकडे ते स्वतः गेले आणि त्यांना पटवत राहिले. १९६९ पर्यंत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वितळवलेल्या शुद्ध सिलिकेच्या नमुन्यावर मोजमाप करून घट किलोमीटरला ५ डेसिबेलच्या आसपास असू शकते, हे दाखवले. शुद्ध प्रतीचा हा पहिला पुरावा होता.

७

प्रत्यक्ष तंतू घडवला तो अमेरिकेतील कॉर्निंग या काचकंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी. नेहमीची काच वितळवून शुद्ध करण्याऐवजी त्यांनी मुळातच शुद्ध असलेल्या सिलिकेपासून आरंभ केला आणि गाभ्याचा अपवर्तनांक वाढवण्यासाठी तीत किंचित टायटॅनियम मिसळले. म्हणजे अशुद्धी सरसकट टाकली नाही. कोणती अशुद्धी हवी आणि कोणती नको, याचा विवेक केला. १९७० साली त्यांच्या तंतूची घट १७ डेसिबेल भरली. काओंनी आखलेली २० ची रेघ ओलांडली गेली होती. केक यांनी प्रयोगवहीत आकड्याशेजारी एक आनंदाचा उद्गार लिहून ठेवला आहे. पुढे टायटॅनियमची जागा जर्मेनियमने घेतली. त्याच १९७० साली लेनिनग्राड येथे आणि अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये, खोलीच्या तापमानाला अखंड चालणारे छोटे अर्धवाहक लेझर सिद्ध झाले. वाट आणि वाटसरू एकाच वर्षी तयार झाले.

पुढचा इतिहास वेगाने सांगता येतो. १९७७ साली अमेरिकेत तंतूंतून प्रत्यक्ष टेलिफोन संभाषणे जाऊ लागली. डिसेंबर १९८८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली प्रकाशतंतूंची केबल सुरू झाली. १९५६ सालच्या पहिल्या अटलांटिक टेलिफोन केबलवर एका वेळी ३६ संभाषणे होत, हिच्यावर ४० हजार होऊ शकत. उद्घाटनाला न्यूयॉर्कहून पॅरिस आणि लंडनच्या श्रोत्यांशी बोलण्यासाठी निवड झाली ती आयझॅक असिमोव्ह या विज्ञानकथाकाराची. १९९७ साली सुमारे २८ हजार किलोमीटर लांबीची, इंग्लंडपासून जपानपर्यंतची फ्लॅग केबल मुंबईच्या किनाऱ्याला टेकून पुढे गेली. ती टाकली जात असतानाच नील स्टीव्हनसन या कादंबरीकाराने तिच्या मार्गाने प्रवास करून १९९६ साली एक प्रदीर्घ निबंध लिहिला होता. प्रकाशतंतू तयार करण्याचे काम आपल्या मराठवाड्यातही, छत्रपती संभाजीनगर येथील कारखान्यांत होते. आजच्या चांगल्या तंतूची घट किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबेल असते. प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरण्याचे अंतर एके काळी २० मीटर होते, काओंच्या उद्दिष्टात ते १ किलोमीटर झाले, आज ते १०० किलोमीटर आहे.

८

आता पुन्हा २००९ कडे वळू. काओंना पारितोषिक मिळाले ते काम तोवर त्रेचाळीस वर्षांचे जुने झाले होते. त्यांना स्मृतिभ्रंशाचा विकार जडला होता. स्टॉकहोमच्या समारंभाला ते उपस्थित राहिले. परंतु नोबेल व्याख्यान त्यांच्या पत्नी ग्वेन काओ यांनी त्यांच्या वतीने वाचले. ज्या माणसाने काचेला स्मरण ठेवायला, म्हणजे आत आलेला प्रकाश पुढे जसाच्या तसा पोचवायला शिकवले, त्याला स्वतःच्या कामाचे स्मरण उरले नव्हते. २०१८ साली ते वारले. १९६६ च्या निबंधावर दुसरे नाव असलेले हॉकम पारितोषिकात नव्हते. तेही २०१३ साली गेले. हॉकम यांच्यासाठी आपल्याकडे कोणी हळहळले नाही. व्हान हील किंवा लाम यांच्यासाठी हळहळण्याचा तर प्रश्नच नव्हता.

नोबेल समितीने बरोबर केले की चूक, याचा निवाडा आम्हांला करायचा नाही. पारितोषिक संदेशवहनासाठी होते, आणि त्या मर्यादेत काओंची निवड समजण्याजोगी आहे. चित्रवहनाच्या कामाचा स्वतंत्र गौरव करायचा झाला असता, तर हॉपकिन्स, कपानी आणि व्हान हील ही तिन्ही नावे एकत्र घ्यावी लागली असती. आमचा मुद्दा आपल्या हळहळीविषयी आहे. 'जनक' या शब्दाने ती सुरू होते आणि त्या शब्दापाशीच थांबते. त्यामुळे कपानींनी नेमके काय केले, हे वाचण्याची आपल्याला गरजच वाटत नाही. ज्याचा अभिमान बाळगायचा त्याचे काम न वाचणे, हीदेखील उपेक्षाच आहे.

त्यापेक्षा इतिहासाला वेगळा प्रश्न विचारावा असे आम्हांला वाटते. जनक कोण, असे न विचारता कोणाचा प्रश्न कोणता होता, असे विचारावे. कोलादोंचा प्रश्न होता, की मागच्या बाकावरच्याला पाण्याची धार दिसावी कशी? लाम आणि हॉपकिन्स यांचा प्रश्न होता, की माणसाला न दुखवता त्याच्या आत पाहावे कसे? व्हान हील यांचा, की एका तंतूतला प्रकाश शेजारच्या तंतूत गळू नये यासाठी काय करावे? कपानींचा, की या साऱ्या विखुरलेल्या ज्ञानाला एकत्र नांदवावे कसे आणि काय नावाने? काओ आणि हॉकम यांचा, की खोट काचेची आहे की काचेतील मळाची? कॉर्निंगच्या तिघांचा, की तशी काच घडवावी कशी? या रीतीने मांडणी केली, की कोणी कोणाची जागा बळकावत नाही आणि कपानींचे स्थानही अढळ राहते.

पुढच्या खेपेस वर्गात जनकांची यादी निघाली, तर २ जानेवारी १९५४ च्या त्या अंकाची गोष्ट सांगावी, असे आम्ही ठरवले आहे. एकाच अंकात दोन लेख, एकात तंतू, दुसऱ्यात त्याचे आवरण. दोन्ही एकत्र वाचावे लागतात.